विळा कधी चालवायचा? चाऱ्यावरची कीड आणि तिचे वैरी

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. भात कापून झाल्यावर जमिनीतल्या ओलीवर पेरलेल्या अळसांद्यांचे, म्हणजे आमच्याकडच्या चवळीचे, शेंडे एका सकाळी काळे दिसायला लागले. धुकं दाटलेलं, पानांवर दव, आणि कोवळ्या देठांना कुणी काजळ फासावं तसा थर. सासूबाई सुपात चुलीतली राख घेऊन निघाल्याच होत्या. "आई, जरा थांबा, आधी बघू तरी," म्हणत मी एक शेंडा खुडला आणि लेकीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आणलेलं भिंग त्यावर धरलं. काजळ चालत होतं.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहतो. गोठ्यात तीन गाई, दूध सोसायटीला जातं. अळसांदे दाण्यासाठी लावतो, पण एक तुकडा निव्वळ चाऱ्यासाठी राखलेला असतो, आणि शेंगा काढून झाल्यावर उरलेले वेलही गव्हाणीतच जातात. शिवाय घराच्या वरच्या अंगाला दोनशे चौरस मीटरचा लसूणघास आहे. तो माझा हट्ट. आपली जांभ्याची आंबट माती आणि पावसाळ्यात साचणारं पाणी त्याला मानवत नाही, म्हणून उंच वाफे करून, चुना टाकून, बेळगावहून बी आणून नोव्हेंबर ते मे एवढाच तो मी काढते. पावसाळ्यात आहेच हत्ती गवत.

लसूणघास, बरसीम, युरोपातले लाल आणि पांढरे क्लोव्हर, आपले अळसांदे, सगळे एकाच कुळातले. शेंगा धरणारं, मुळांच्या गाठींत हवेतला नत्र साठवणारं, प्रथिनांनी भरलेलं कूळ. बरसीमचं नाव पंजाब-हरियाणाच्या दूधवाल्यांकडून आपण ऐकतो, पण त्याला हिवाळ्याची खरी थंडी लागते. गोव्यात ती कुठली! तरीही चाऱ्यावरची कीड समजून घ्यायची तर या क्लोव्हरच्या गोतावळ्याकडे बघावं लागतं. कीड आणि तिच्या वैऱ्यांचा हिशेब जगात सगळ्यात नीट मांडला गेला तो याच पिकांत. आणि माझ्या भिंगाखालचा तो काळा मावा अळसांद्यांवर जगतो तसाच लसूणघासावरही जगतो. त्याला दोन्ही ताटं सारखीच.

मावा म्हणजे सोंडेने रस ओढणारा, टाचणीच्या डोक्याएवढा मऊ किडा. त्याची खरी ताकद सोंडेत नसून पोटात आहे. आपल्याकडच्या उबदार हवेत त्याला नराची गरजच पडत नाही. मादी अंडी न घालता थेट पिल्लं जन्माला घालते, दिवसाला चार-पाच, आणि सगळ्या लेकीच. त्या लेकीच्या पोटात तिच्या जन्माआधीच तिची लेक वाढायला लागलेली असते. आठवड्याभरात लेक बाळंत होते. म्हणून सोमवारी दोन-चार शेंड्यांवर दिसलेला मावा पुढच्या सोमवारी वाफाभर होतो आणि माणूस म्हणतो, "रात्रीत आला." रात्रीत कोणी येत नाही, आठवडाभर आपण बघितलेलं नसतं. गर्दी फार झाली की काही मावे पंख घेऊन जन्मतात आणि शेजारच्या मळ्यात उतरतात.

रस तर जातोच, शिवाय मावा मागून गोड चिकटा सोडतो. त्यावर काळी बुरशी धरते, पान गुदमरतं. लसूणघासाच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. मावा लागला की झाड स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्यं वाढवतं, त्यातलं एक जनावराच्या शरीरात मादीच्या संप्रेरकासारखं वागतं. असा चारा मेंढ्यांना भरपूर घातला तर गाभ धरण्यात अडचण येते, हे परदेशात नीट अभ्यासलं गेलंय. तेव्हा मावा लागलेला चारा म्हणजे निव्वळ थोडा कमी चारा नव्हे.

आता भिंगात दिसलेली दुसरी गोष्ट. त्या काजळाच्या गर्दीत तीन-चार मावे हलत नव्हते. अंग फुगलेलं, रंग सुक्या गवतासारखा, कागदी. एकाच्या पाठीला गोल भोक, कंपासने काढावं इतकं नेटकं, आणि भोकाच्या कडेला झाकण अजून लोंबकळत होतं. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "मेलाय तो. राखेविनाच मेला?"

राखेविनाच मेला. एक गांधीलमाशीची दूरची नातलग असते, पण डासाहूनही बारीक. ती आपलं पोट पायांमधून पुढे वाकवून माव्याच्या अंगात एकच अंडं टोचते. आतली अळी माव्याला आतून खाते. शेवटच्या क्षणापर्यंत मावा जिवंत राहील अशा बेताने. मग त्याच्याच रिकाम्या कातडीत कोष करते आणि एके दिवशी झाकण कापून बाहेर पडते. अशा किड्याला परोपजीवी म्हणतात, आणि त्या सुक्या फुगीर माव्याला मी आपली 'ममी' म्हणते. वाफ्यात ममी दिसली की समजायचं, पोलीस येऊन गेले. मात्र भोक बघून घ्यावं. कडा गुळगुळीत असेल तर आपली माशी बाहेर पडली. कडा कुरतडल्यासारखी, वेडीवाकडी असेल तर दुसरीच माशी निघाली, जी या माशीच्या अळीवर जगते. चोरावर मोर म्हणतात तो हा प्रकार.

ढालकिडा सगळ्यांना माहीत असतो. लाल-नारिंगी, पाठीवर ठिपके किंवा नागमोडी काळ्या रेघा, लहान मुलं बोटावर चढवतात तोच. पण माव्याचा खरा फडशा पाडते ती त्याची अळी, आणि तिला कुणी ओळखत नाही. काळपट, पाठीवर पिवळे-केशरी डाग, सहा पाय पसरून सरसर चालणारी, मगरीच्या पिल्लासारखी दिसते. वाढीच्या काळात एकेक अळी काहीशे मावे खाते. आमच्या आळीतल्या एका काकींनी मोठ्या मेहनतीने वेलावरून असल्या पन्नासेक 'किडी' वेचून केरोसीनमध्ये टाकल्या होत्या आणि वर मला सांगितलं, "बघ गो, औषध न मारता साफ केलं!" त्यांना खरं सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

आणखी दोघेजण ओळखून ठेवण्यासारखे. एक, पानावर केसाएवढ्या दांड्याच्या टोकाला लटकलेलं अंडं दिसलं तर ते क्रायसोपर्लाचं, म्हणजे हिरव्या जाळीदार पंखांच्या नाजूक किड्याचं. अंडं दांड्यावर का? खाली उतरलेलं पहिलं पिल्लू इतकं भुकेलेलं असतं की शेजारचं अंडं, म्हणजे सख्खं भावंड, त्याला पहिला घास वाटतं. दुसरी सिरफिड माशी, हवेत एका जागी तरंगणारी, अंगावर मधमाशीसारखे पट्टे, पण डंख नसलेली. तिची अळी आंधळी आणि बिनपायांची. ती डोकं इकडेतिकडे चाचपडत फिरवते, मावा लागला की सोंडेवर उचलून धरते आणि रस ओढून साल टाकून देते. एकदा हे भिंगातून बघितलं की टीव्हीवरचे वाघ फिके वाटतात.

एवढे सगळे राखणदार असताना मावा माजतो कसा? उत्तर तारखांत आहे.

माव्याची पिढी आठवड्याची. ढालकिड्याचं अंडं, अळी, कोष आणि पुन्हा भुंगा या फेऱ्याला आपल्या हवेत साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. शिवाय वाफ्यात मावा पुरेसा झाल्याशिवाय ढालकिडी तिथे अंडी घालतच नाही. पोरांना खायला काय घालणार? म्हणजे कीड आधी वाढणार, वैरी मागून येणार, हे ठरलेलंच. मधले आठ-दहा दिवस शेतकऱ्याच्या जिवाला घोर लावणारे. नेमकं त्याच दिवसांत आपण फवारणीचा पंप खांद्यावर घेतो. औषधाने मावा मरतो तसे ढालकिडे, माशा, माव्याच्या पोटातल्या परोपजीवी अळ्या, सगळेच मरतात. पानाच्या मागे वाचलेल्या दहा-वीस माव्यांना आता कोणी अडवणारं नसतं आणि खायला भरपूर असतं. वाचलेल्या ढालकिड्याला मात्र खायलाच नसतं, तो उडून जातो. पंधरा दिवसांत मावा पहिल्यापेक्षा जास्त. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी. दुकानदाराला हे चक्र आवडतं.

हे सगळं जगाला नीट उमगलं ते कॅलिफोर्नियातल्या लसूणघासाच्या शेतांत. १९५४ च्या सुमारास तिथे पिवळट, पाठीवर ठिपके असलेला एक परका मावा येऊन धडकला. लसूणघासाची शेतंच्या शेतं चिकट्याने माखली. जोरदार औषधं मारली, थोड्याच वर्षांत मावा त्यांना दाद देईनासा झाला. तिथल्या विद्यापीठातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या चार कीटकशास्त्रज्ञांनी उलटा विचार केला: मावा शून्यावर आणायचाच कशाला? ढालकिड्यांना जगण्यापुरता मावा राहू द्यायचा, औषध लागलंच तर असं आणि इतकंच मारायचं की मावा मरावा आणि त्याचे वैरी वाचावेत. जोडीला बाहेरच्या देशांतून त्या माव्याचे परोपजीवी आणून सोडले, आणि मावा सहन करणारा लसूणघासाचा वाणही पुढे आला. १९५९ साली त्या चौघांनी हे लिहून काढलं. आज आपले कृषी अधिकारी 'आर्थिक नुकसानीची पातळी' म्हणतात, म्हणजे किडीने होणारं नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होईल तेव्हाच फवारा, ती कल्पना त्या लेखाने रुजवली. कापसात किंवा द्राक्षात नव्हे, गुरांच्या चाऱ्यात. आम्हा गोठेवाल्यांना यावर थोडी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

चाऱ्यात हे जमलं याला कारणही आहे. वांग्याला एक भोक पडलं तर वांगं गेलं. चाऱ्याचं तसं नाही. चार पानं कुरतडलेली असली म्हणून गाय ताट परत करत नाही. थोडं नुकसान सोसायची ताकद या पिकात उपजत आहे, कारण मुळात ते चावलं जाण्यासाठी, कापलं जाण्यासाठीच लावलेलं. दुसऱ्या बाजूने बघितलं तर इथे विषाला जागाच कमी. वांगं धुऊन, सोलून, शिजवून खातो. चारा शेतातून थेट गव्हाणीत आणि गव्हाणीतून दुधात. अमेरिकेत एके काळी लसूणघासावर डीडीटी मारलं जायचं आणि ते दुधात उतरायचं, हे कळल्यावरच तिकडे हात आखडता घेतला गेला. म्हणून एक गोष्ट मी नेहमी सांगते: औषधाच्या लेबलवर ज्या पिकाचं नाव नाही त्यावर ते मारायचं नाही, आणि फवारणीनंतर कापणीपर्यंत किती दिवस थांबायचं ते लेबलवर वाचल्याशिवाय गाईपुढे एक पेंढी टाकायची नाही.

पण चारा पिकवणाऱ्याच्या हातात असं एक शस्त्र आहे जे वांगीवाल्याकडे नाही. विळा.

लसूणघासाची पहिली कापणी दोनेक महिन्यांनी, पुढे दर पंचवीस-तीस दिवसांनी. प्रत्येक कापणीत मावा, अळ्या, अंडी सगळं पेंढीबरोबर उचललं जातं, उरतं ते उन्हात तापलेलं खोड. उत्तर भारतात आणि अमेरिकेत लसूणघासावर एक सोंडवाला भुंगा फार उपद्रव करतो. त्याच्या हिरव्या, पाठीवर पांढरी रेघ असलेल्या अळ्या शेंडे चाळून काढतात. अमेरिकेत तो १९०४ साली युटा राज्यात पहिल्यांदा सापडला. त्याच्यासाठी युरोपातून बारीक गांधीलमाश्या आणून सोडल्या आणि त्या टिकल्याही. पुढे दमट हवेत त्याच्या अळ्यांना मारणारी एक बुरशीही आपणहून पसरली. पण शेतकऱ्याला पहिला सल्ला आजही तोच: अळ्या वाढायला लागल्या आणि कापणी जवळ आली असेल तर फवारू नका, चार दिवस लवकर कापा.

आता माझी चूक सांगते. पहिल्या वर्षी मला हे एवढंच माहीत होतं, कापलं की कीड जाते. फेब्रुवारीत लसूणघासावर मावा दिसला. पुस्तकी शहाणपणाने एका सकाळी दोनशेच्या दोनशे चौरस मीटर साफ कापून काढले. संध्याकाळी गव्हाणीपाशी उभी होते. गाय खात होती आणि पेंढीतल्या पानापानावर शेपटाने चिकटलेले केशरी-काळे कोष दिसत होते. ढालकिड्यांचे! दोन-तीन दिवसांत त्यांतून भुंगे निघाले असते. एकेक करून सगळे गाईच्या तोंडात गेले. मी हाताने पंधरा-वीस वेचून काढले, बाकीच्यांचं दूध झालं म्हणायचं. पुढच्या फुटव्यावर बांधावरच्या तणांतून मावा परत आला, आणि त्या महिन्यात त्याला विचारणारं कोणी नव्हतं.

विळा किडीला कापतो तसा राखणदारांचं घरही कापतो. हेही कॅलिफोर्नियावाल्यांच्याच लक्षात आलं होतं. त्यांची अडचण थोडी वेगळी होती: लसूणघास सरसकट कापला की त्यातला एक रस ओढणारा ढेकूण उठून शेजारच्या कापसावर जायचा. त्यांनी शेत पट्ट्यांत वाटलं. एक पट्टा कापायचा, बाजूचा उभा ठेवायचा. तो कापायच्या वेळी पहिला पुन्हा हातभर वर आलेला. ढेकूण लसूणघासातच राहिला आणि त्याला खाणारेही तिथेच राहिले. आता मी तेच करते. दोनशे मीटरचे चार पट्टे, आठवड्याला एक. खरं सांगायचं तर गाईलाही रोज ताजा चारा लागतो, सगळं एकदम कापून मी करणार काय होते? ओला लसूणघास एकदम भरपेट घातला तर पोटफुगी होते ती वेगळीच. शहाणपण समोर होतं, मला फक्त दिसलं नव्हतं.

कापायच्या आदल्या दिवशी पट्ट्यातून एक फेरी मारते. दहा ठिकाणी थांबायचं, प्रत्येक ठिकाणी एक शेंडा पांढऱ्या ताटलीवर झटकायचा. ताटलीत मावे किती आणि मगरी, म्हणजे ढालकिड्याच्या अळ्या, किती, ममी किती. मावे भरपूर आणि सोबत कोणीच नाही, तर तो पट्टा उद्याच कापायचा. मगरी आणि कोष भरपूर दिसले तर त्याला आणखी तीन-चार दिवस द्यायचे आणि दुसऱ्या पट्ट्यावर विळा घालायचा. कापलेली पेंढी लगेच गोठ्यात न नेता अर्धा तास बांधावर टेकवून ठेवते. चालणारे, उडणारे निघून जातात. कोष मात्र निघू शकत नाहीत, त्यांच्यासाठी थांबणं हाच उपाय. आणि अगदीच एखाद्या कोपऱ्यात मावा हाताबाहेर गेला तर तेवढ्याच कोपऱ्यावर पाच टक्के निंबोळी अर्क, सगळ्या वाफ्यावर नाही. सासूबाईंची राख मी मोडीत काढलेली नाही. दवाने ओल्या शेंड्यावर ती चिकटते आणि मऊ अंगाचा मावा त्यात हैराण होतो. पण ती ढालकिड्याच्या अंड्यांवरही पडते, म्हणून तीही चिमटीने, जिथे राखणदार नाहीत तिथेच.

मुंग्यांचं एक सांगायचं राहिलं. माव्याच्या थराभोवती काळ्या मुंग्यांची ये-जा दिसेल. त्या मावा खात नाहीत, पाळतात. आपण गाईच्या सडाला हात लावतो तशी मुंगी मिशीने माव्याच्या अंगाला चाळवते, तो गोड थेंब सोडतो, ती पिते. बदल्यात ढालकिड्याच्या अळीला चावून पळवून लावते. आमच्याच वरच्या काजूच्या भाटात मात्र लाल हुमले झाडावर असले तर मोहोर शोषणारा ढेकण्या कमी होतो. म्हणजे तिथली मुंगी राखणदार आणि इथली मुंगी किडीची गवळण. कोण मित्र आणि कोण वैरी हे पीक बघून ठरतं, अंगावर शिक्का मारलेला नसतो.

अळसांद्यांच्या फुलांवर पावसाळ्याच्या शेवटी बसणारे काळे-केशरी पट्ट्यांचे हिंगे त्याहून घोटाळ्याचे. मोठे झाल्यावर फुलं खाऊन शेंगा बुडवतात, पण अनेक जातींच्या हिंग्यांची पिल्लं जमिनीत नाकतोड्यांची अंडी खाऊन वाढतात. शिवाय अंगातून असा रस सोडतात की कातडीवर फोड येतो. अमेरिकेत लसूणघासाच्या वाळल्या गाठोड्यांत हिंग्यांचे भाऊबंद चिरडले जाऊन घोडे दगावल्याची उदाहरणं आहेत, कारण ते विष किडा मेल्यावरही टिकतं. तेव्हा हिंगे मी सकाळी, अंग गारठलेलं असताना, हातमोजे घालून साबणाच्या पाण्यात झटकते. ते पेंढीत जाऊ देत नाही.

पानं खाणाऱ्या अळ्यांपैकी इकडे सगळ्यात ओळखीची स्पोडोप्टेरा. तिची मादी पानामागे अंड्यांचा पुंजका घालून त्यावर स्वतःच्या अंगाची तपकिरी लव पसरते, पांघरूण घातल्यासारखी. बाहेर पडलेली पिल्लं काही दिवस एकाच पानावर गर्दीने राहतात आणि त्या पानाची चाळण करतात. ते चाळणीचं पान लांबूनही पांढुरकं दिसतं. तेवढं एक पान तोडलं तर शंभर-दोनशे अळ्या एका झटक्यात गेल्या. पुढे त्या पांगल्या की मग कोतवाल आणि साळुंख्यांवर भिस्त. त्यांना बसायला मी वाफ्यात काठ्या रोवते. कधीकधी शेंड्याला उलटी लटकलेली, काळवंडलेली अळी दिसते. हात लावला तर कातडी फुटून पाणी सांडतं. ती विषाणूने मेलेली. मरायच्या आधी तो विषाणू तिला वर चढायला लावतो आणि मग फुटून खालच्या पानांवर पसरतो. असली अळी फेकायची नाही, वाफ्यातच राहू द्यायची.

बाहेरून वैरी आणून सोडण्याची गोष्ट निघाली आहे तर दोन किस्से. न्यूझीलंडची बरीचशी दूधदुभत्याची शेती कुरणातल्या पांढऱ्या क्लोव्हरवर उभी, कारण तो मुळांच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो. १९९६ मध्ये तिथे एक बारीक सोंड्या भुंगा सापडला, ज्याच्या अळ्या नेमक्या त्या गाठीच खातात. झाड वरून हिरवं, आणि जमिनीखालचा खताचा कारखाना बंद. तिथल्या शास्त्रज्ञांनी युरोपभर शोध घेऊन आयर्लंडमधून एक गांधीलमाशी निवडली. ती भुंग्याच्या पोटात अंडं घालते. भुंगी लगेच वांझ होते आणि मग मरते. निवडीचं एक कारण असं की या आयरिश माशीला नर लागतच नाही. तिच्याच जातीची मोरोक्कोतली माशी दुसऱ्या एका भुंग्यासाठी तिथे आधी सोडलेली होती, आणि दोघींचा संकर होऊन दोन्ही निकामी होण्याची धास्ती होती. २००६ पासून ती सोडली आणि तिने भुंग्याला आवर घातला. बिननराच्या माव्यासारखंच बिननराचं शस्त्र, फक्त आपल्या बाजूचं.

दुसरा किस्सा घरचा. सुबाभूळ हाही याच शेंगकुळातला चारा. गोव्यात बांधावर, रस्त्याकडेला उभा असतो. मूळचा मेक्सिकोकडचा. त्याच्या मागोमाग त्याची कीडही जगभर फिरली, शेंड्यांचा रस ओढणारी बारीक उडी, आणि १९८८ मध्ये ती भारतात पोचली. शेंडे जळाल्यासारखे वाळायला लागले. त्याच वर्षी थायलंडहून निळ्या चकचकीत पाठीचा एक ढालकिडा मागवून सोडला गेला. लाल-ठिपकेवाला सोडून ढालकिडा निळाही असतो, हे कळलं तेव्हा मी दोन दिवस सुबाभळीखाली मान वर करून फिरत होते. सासूबाईंनी विचारलंच, "काय हरवलं गो?"

राखणदार टिकवायचे तर त्यांना फुलं लागतात. सिरफिड माशी, बारीक गांधीलमाश्या, मोठी झालेली क्रायसोपर्ला, या सगळ्यांना पराग किंवा मध लागतो. मावा खाते ती त्यांची पोरं. म्हणून वाफ्याच्या कडेला कोथिंबीर फुलावर जाऊ देते, थोडी मोहरी, थोडी बडीशेप. बारीक उघड्या फुलांवर आखूड तोंडाची माशीसुद्धा पोचते. फुलोऱ्यात फवारणी तर बिलकूल नाही, कारण तिथे मधमाश्याही असतात. लाल क्लोव्हरच्या खोल फुलांसाठी लांब जिभेचा भुंगा (वरचा सोंड्या किडा नव्हे, मधमाशीचा केसाळ नातलग) लागतो हे डार्विनने १८५९ मध्ये लिहून ठेवलं होतं, आणि भुंग्यांची घरटी उंदीर मोडतात, उंदरांना मांजरं खातात, म्हणून गावात मांजरं जास्त तर क्लोव्हरला बी जास्त, असा हिशेबही मांडला होता. न्यूझीलंडमध्ये लाल क्लोव्हरला धड बी धरत नव्हतं. १८८५ मध्ये इंग्लंडहून भुंगे नेऊन सोडले तेव्हा कुठे धरायला लागलं. आमच्याकडे मांजरं चार आहेत. चौघींचं लक्ष दुधाच्या चरवीवर असतं.

डिसेंबरातल्या त्या अळसांद्यांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. सासूबाईंशी तह झाला: अर्ध्या वेलांवर राख, अर्धे माझ्या हवाली. आठव्या दिवशी माझ्या बाजूला मगरी दिसल्या, चौदाव्या दिवशी कोष. त्यांच्या बाजूलाही मावा कमी झाला होता, हे मान्य करायला हवं. चाऱ्याच्या तुकड्याची कापणी मात्र त्यांनीच चार दिवस पुढे ढकलली. मी कारण विचारलं तर वेलाच्या खालच्या पानाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ती लाल बाळंतीण अजून उठायची आहे ना."